तुम्ही विचारलंत म्हणून: मागे पडलेलं वासरू खुराकाने भरून निघतं का?

"पहिले दोन-तीन महिने वासराला दूध कमी पडलं. आता पेंड वाढवली तर भरून निघेल का? आणि ते असं मंद का वाटतं?" गोठ्यावर हा प्रश्न हमखास येतो.

थोडं भरून निघतं, सगळं नाही. उपासमार कोणत्या वयात झाली, त्यावर ते ठरतं. केंब्रिजला विडोसन आणि मॅकॅन्स या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात उंदरांवर हेच तपासलं. अगदी कोवळ्या वयात अर्धपोटी राहिलेली पिल्लं पुढे पोटभर खाऊनही लहानखुरीच राहिली. मोठेपणी तेवढाच काळ उपाशी ठेवलेली मात्र बरीचशी सावरली.

आपल्या गोठ्यातला हिशोब बघा. गाईच्या लीटरभर दुधात प्रथिनं साधारण 32 ग्रॅम. तीस किलोच्या वासराला वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे तीन लीटर दूध दिलं तर शंभरेक ग्रॅम मिळतात आणि त्यातून वाढ होते. दूध डेअरीला घालून वासरासाठी एकच लीटर ठेवलं, तर अंगात ऊब राखण्याइतकी ऊर्जाही पुरत नाही. मग शरीर तीच प्रथिनं सरपणासारखी जाळतं. असं वासरू मरत नाही म्हणून ते ठीक आहे असं वाटतं. त्याची वाढ मात्र थांबलेली असते.

शिकण्याचं जरा जपून सांगायला हवं. उंदरांत 25 टक्क्यांऐवजी 6 टक्के केसीनचा (दुधातल्या मुख्य प्रथिनाचा) आहार मिळालेल्या माद्यांच्या पिल्लांमध्ये, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात कायमचे फरक सापडले आहेत. पण भुकेलं जनावर खाण्याच्या आमिषाने जास्त धावतं आणि घाबरलं की गोठतं, म्हणून अशा चाचण्यांमधून बुद्धी मोजली की भूक, हे वेगळं काढणं अवघड असतं. लेवित्स्की आणि बार्न्स यांनी 1972 साली दाखवलं, की अर्धपोटी पिल्लांना हाताळणी आणि भोवती हालचाल मिळाली तर वागण्यातले बरेच दोष कमी होतात. वासरांच्या बाबतीत 2014च्या एका प्रयोगात, जोडीने वाढलेली वासरं बदललेला नियम लवकर शिकली, एकटी ठेवलेली मागे पडली. म्हणून मंद वाटणारं वासरू कोपऱ्यात एकटं बांधू नका. त्याच्याच वयाच्या सोबत्याजवळ ठेवा.

आता काय करायचं? आधी जंताचं औषध, कारण सुटलेलं पोट आणि राठ केस जंतांमुळेही दिसतात. रेडकांना पहिला डोस दहा ते पंधरा दिवसांतच लागतो. मग खुराक. शंभर किलोसाठी मका भरडा 45, सोयाबीन पेंड 30, गव्हाचा कोंडा 22, खनिज मिश्रण 2, मीठ 1 किलो. यात प्रथिनं 20-21 टक्के बसतात. सरकी पेंड या वयात नकोच: तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य निष्प्रभ करायला लागणारं मोठं पोट अजून तयार नसतं. त्याच कारणाने युरिया असलेलं मोठ्या जनावरांचं खाद्यही वासराला घालू नका. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला, की मगच दूध तोडा.

वजन नजरेने ठरवू नका. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करा, अंगाच्या इंचातल्या लांबीने गुणा, 660ने भागा, किलो मिळतात. दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवा. संकरित कालवड रोज 400 ग्रॅमच्या आसपास वाढत असेल तर ती सावरते आहे. आकडा हलत नसेल तर पेंड आणखी ओतण्याआधी जंत, हगवण आणि पाणी बघा. आणि फळवण्याची घाई नको, वजन अडीचशे किलोच्या आसपास गेल्यावरच.

पुढच्या वासराचं काम मात्र आत्ता, गाय गाभण असतानाच सुरू होतं. जन्मल्यावर तासाभरात उठून सड शोधणाऱ्या जनावराचा मेंदू बराचसा पोटातच घडलेला असतो. म्हणून शेवटचे तीन महिने गाईचा खुराक तोडू नका, विण्याआधी दोन महिने तिला आटवा, आणि जार पडायची वाट न बघता पहिल्या दोन तासांत वासराला चीक पाजा.