शोवा २० नंतर शोवा २१

इथे टोकियोत आयटीत काम करायचं म्हणजे एक जास्तीची गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे सम्राटांची वर्षं. वॉर्ड ऑफिस असो की बँक की विमा, फॉर्मवर जन्मसाल बरेचदा १९८५ असं नाही तर शोवा ६० असं लिहायचं असतं, म्हणजे शोवा नावाच्या सम्राट-काळाचं साठावं वर्ष. २०१९ ला सम्राट बदलले तेव्हा नवीन काळाचं नाव १ एप्रिलला जाहीर झालं आणि १ मे पासून लागू, मधल्या एका महिन्यात आयटीवाल्यांची काय धावपळ झाली असेल ते तुम्हीच समजून घ्या.

तर या कामासाठी सिस्टीममध्ये या काळांच्या नावांचं एक साधं टेबल असतं, मेजी, ताइशो, शोवा, हेइसेइ, रेइवा. त्यात शोवाची ओळ २५ डिसेंबर १९२६ ला सुरू होते आणि ७ जानेवारी १९८९ ला संपते. एकच सलग ओळ! मधे हिरोशिमा आहे, नागासाकी आहे, शरणागती, अमेरिकन फौजांचा ताबा, नवीन राज्यघटना, एवढं सगळं घडून गेलं आणि टेबलात त्याचा मागमूस नाही. शोवा २० ला देश हरला आणि शोवा २१ ला गादीवर तोच माणूस. जर्मनीत हिटलर संपला, इटलीत १९४६ च्या सार्वमताने राजेशाहीच गेली, इथे मात्र हिरोहितो पुढे त्रेचाळीस वर्षं राहिले. (हिरोहितो हे नाव इथे सहसा कुणी घेत नाही, शोवा तेन्नो म्हणजे शोवा सम्राट म्हणतात.)

युद्धाआधी त्यांचा थाट काय होता तर शाळाशाळांत सम्राटांचा फोटो वेगळ्या छोट्या पक्क्या इमारतीत ठेवलेला असायचा, पोरांनी जातायेता त्या इमारतीला वाकून नमस्कार करायचा. सामान्य माणसाने त्यांचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. तो ऐकला थेट १५ ऑगस्ट १९४५ ला दुपारी बारा वाजता रेडिओवर, तोही आदल्या रात्री रेकॉर्ड केलेला, आणि दरबारी भाषा इतकी जड की कित्येकांना नक्की काय झालं तेच कळेना, शरणागती हा शब्द त्यात कुठेच नाही. त्याच रात्री काही तरुण लष्करी अधिकारी राजवाड्यात घुसले होते, ती रेकॉर्ड शोधून नष्ट करायला. एका सेवकाने ती राणीच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या लहानशा तिजोरीत लपवली होती, यांनी वाडा पालथा घातला पण सापडली नाही.

पण मला विचाराल तर देवपण गेलं ते रेडिओने नाही, फोटोने गेलं. २७ सप्टेंबरला सम्राट स्वतः उठून अमेरिकन दूतावासात ताबा घेतलेल्या फौजांचा प्रमुख जनरल मॅकआर्थर याला भेटायला गेले. फोटोत मॅकआर्थर टाय न लावता, कॉलर उघडी, हात कमरेच्या मागे, अगदी ऐसपैस, आणि शेजारी डोकंभर बुटके सम्राट, कडक फॉर्मल कोटात, हात सरळ खाली, शाळेत उभं केल्यासारखे. सरकारने ती वर्तमानपत्रं रोखायचा प्रयत्न केला तर अमेरिकनांनी बंदी उठवायला लावली. मग १ जानेवारी १९४६ ला त्यांनी जाहीरच केलं की सम्राट देव आहे ही समजूत खोटी आहे, आणि ३ मे १९४७ पासून नवीन घटना लागू झाली, तिच्या पहिल्याच कलमात सम्राट हे देशाचं आणि जनतेच्या एकतेचं प्रतीक, चौथ्या कलमात राज्यकारभाराचा कुठलाही अधिकार नाही, आणि इस्टेट सगळी सरकारजमा. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ ला बंद झाले तेव्हा केवढा गहजब झाला होता, इथे एवढं सगळं दोन वर्षांत उरकलं.

मग ते फेल्ट हॅट घालून देश फिरायला निघाले. कारखाने, खाणी, शाळा, १९४६ ते १९५४ जवळपास सगळा देश पालथा घातला, एक ओकिनावा सोडून. कुणाशी काय बोलायचं याची सवयच नाही, त्यामुळे कुणी काही सांगितलं की "आ, सो" म्हणजे "हो का" एवढंच. लोकांनी त्याची टर पण उडवली आणि गर्दी पण केली. डिसेंबर १९४७ ला हिरोशिमाला गेले तर तिथेही हजारोंनी लोक जमले, हे वाचल्यावर मी तरी थोडा वेळ गप्पच बसलो.

आता खटकतं ते सांगतो. जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेल्या टोकियो खटल्यात सम्राटांना उभंच केलं नाही. मॅकआर्थरने वॉशिंग्टनला कळवलं होतं की सम्राटावर खटला भरला तर देश ताब्यात ठेवायला किमान दहा लाख सैनिक लागतील. युद्धकाळातला पंतप्रधान तोजो साक्षीत बोलून गेला की सम्राटांच्या इच्छेविरुद्ध कुठलाही जपानी माणूस काही करणार नाही, त्याचा सरळ अर्थ काय होतो ते सगळ्यांच्या लक्षात आलं, मग काही दिवसांत त्याच्याकडून ते सावरून घेतलं गेलं. पुढे तोजो फासावर गेला आणि सम्राट प्रयोगशाळेत समुद्री जीवांचा अभ्यास करत राहिले. १९७५ ला पत्रकाराने युद्धाच्या जबाबदारीबद्दल विचारलं तर उत्तर असं की असल्या शाब्दिक बारकाव्यांचा मी काही अभ्यास केलेला नाही. माझं मत असं की सम्राटाला वाचवलं त्यातच बाकीच्या देशाचीही सुटका झाली, ज्याच्या नावाने लढलो त्यालाच कुणी विचारत नाही तर आपल्याला कोण विचारणार.

हल्ली २ जानेवारीला राजवाड्याचं आवार उघडतात, बॅग तपासून घ्यायची, कागदी झेंडे फुकट मिळतात, सगळं शिस्तीत. काचेमागे सम्राट येतात, मिनिटभर नववर्षाच्या शुभेच्छा, की पुढची बॅच. मत द्यायचा अधिकार नाही, आडनाव नाही, आणि मनात काय आहे ते बोलायची सोयही नाही. २०१६ ला तेव्हाचे सम्राट, हिरोहितोंचे पुत्र आकिहितो यांना वयामुळे झेपेना, पण मला निवृत्त व्हायचंय असं म्हटलं तर ते राजकारण ठरलं असतं, म्हणून टीव्हीवर दहाएक मिनिटं त्यांनी सगळं आडून आडून सांगितलं आणि सध्याच्या व्यवस्थेवर मी बोलू शकत नाही असंही त्यातच म्हणाले. लोकांना कळायचं ते कळलं. २०१७ ला संसदेने खास कायदा केला, ३० एप्रिल २०१९ ला ते पायउतार झाले, दोनशे वर्षांत पहिल्यांदा. पण तो कायदा फक्त त्यांच्यापुरता. आत्ताचे सम्राट नारुहितो यांना उद्या थांबावंसं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून.