थंडी पाहून सरपण

इथे नॉर्वेत घरोघरची धुराडी तपासायला नगरपालिकेचा माणूस येतो. १९९८ पासून नवा लाकडी स्टोव्ह बसवायचा तर कमी धुराचाच लागतो. एवढा बंदोबस्त असूनही संध्याकाळी काही धुराड्यांतून काळा धूर निघतोच, कारण लोक बाहेरची हवा न पाहता स्टोव्ह ठासून भरतात.

धूर वर ओढला जातो तो आतल्या गरम आणि बाहेरच्या थंड हवेतल्या फरकामुळे. बाहेर ५ अंश असले की ही ओढ मंद असते. अशा दिवशी मनगटाएवढी दोन-तीन फाडलेली लाकडं, त्यांवर काटक्या, जाळ वरूनच लावायचा आणि स्टोव्हला हवा देणारा दांडा पूर्ण उघडा. धूर खोलीत परतू लागला तर आधी धुराड्याच्या तोंडाशी कागद जाळून ते तापवायचं. खोली उबली की विझू द्यायचं. बरेच जण नेमकं उलट करतात : गच्च भरतात आणि उकडायला लागलं की हवा बंद! लाकूड धुमसतं, स्टोव्हच्या दाराची काच काळी पडते, न जळलेला धूर थंड धुराड्यात डांबरासारखा थिजतो. पुढे एखाद्या रात्री तोच पेट घेतो.

उणे १५ ला मात्र हात आखडू नये. निखारे पुढे ओढायचे, जाड लाकडं मागे जवळजवळ रचायची, एका वेळी फार तर २ किलो. कोरडं बर्च, म्हणजे भूर्जाच्या जातीचं लाकूड, किलोमागे खोलीला साधारण ३ युनिट उष्णता देतं. तासाभरात २ किलो जळालं तर २ किलोवॅटचे तीन हीटर लावल्यासारखं झालं. सगळी लाकडं पेटल्यावरच हवा हळूहळू कमी करायची, ज्योत मरू द्यायची नाही. ओल २० टक्क्यांखाली हवी आणि ती नुकत्याच फाडलेल्या बाजूवर मोजायची. वरून वाळलेलं लाकूड फसवतं.

आपल्याकडच्या बायांना यासाठी मीटर लागलं नाही. भाकरीला पऱ्हाटी नाहीतर तुराट्या, वरणाला बाभळीचं खोड, एवढं हाताला ठाऊक असतं. चुलीचा धूर डोळ्यांत जातो, कबूल. पण म्हणूनच ओलं लाकूड लागलीच कळतं. इथे तो शेजाऱ्याच्या अंगणात जातो.

राख काढताना तळाशी बोटभर ठेवायची. बाकीची झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून दोन-तीन दिवस घराबाहेर, कारण राखेत निखारा बराच वेळ जिवंत राहतो. भांडी घासायला ती इथे कोणी मागत नाही.