तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थनेत श्वास कशाला?

"म्हणजे प्राणायामच की हो हा!" असं शेजारी म्हणतात. "हे आपल्यात कधीपासून आलं?" असं रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात विचारतात. ठाण्यात काय, नेरूळ-वाशीला काय, श्वासाबरोबर प्रार्थना शिकवायला बसलं की हे दोन प्रश्न ठरलेले. एकाला वाटतं आम्ही उसनं आणलं, दुसऱ्याला वाटतं आम्ही बाटवलं. जाता जाता तुटक उत्तरं देऊन कंटाळा आला, म्हणून एकदा सविस्तर.

उसनं आणलेलं नाही. हिब्रूतला 'रुआह' आणि ग्रीकमधला 'प्नेउमा', या एकेका शब्दात वारा, श्वास आणि आत्मा तिन्ही मावतात. योहान 3:8 मराठीत वाचताना आधी 'वारा' येतो, शेवटी 'आत्मा'. मुळात दोन्हीकडे 'प्नेउमा'च आहे. भाषांतर करणाऱ्याला एक शब्द निवडावाच लागतो, त्यात दोष कुणाचा नाही, पण आपल्या कानातून तो धागा निसटतो. उत्पत्ती 2:7 मध्ये देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. यहेज्केल 37 मधल्या दृष्टान्तात सुकलेल्या हाडांच्या दरीत हाडाला हाड लागतं, स्नायू येतात, मांस चढतं, वर कातडी बसते, आणि तरी आठवं वचन सांगतं की त्यांच्यात श्वास नव्हता. सगळं जागच्या जागी, फक्त जीव नाही. मग योहान 20:22 मध्ये उठलेला येशू भीतीने दारं लावून बसलेल्या शिष्यांवर फुंकर घालतो आणि म्हणतो, पवित्र आत्मा घ्या. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात उत्पत्तीत आणि यहेज्केलाच्या पुढच्याच, नवव्या वचनात फुंकण्याला जे क्रियापद आहे, तेच योहानाने इथे घेतलंय. अख्ख्या नव्या करारात ते एवढ्या एकाच जागी येतं. पवित्र आठवड्यातल्या तेलांच्या मिस्सेत बिशप क्रिझमच्या, म्हणजे अभिषेकाच्या पवित्र तेलाच्या, भांड्यावर वाकून फुंकर घालतात, ती हीच.

पद्धतही जुनी आहे. येशूचं स्मरण श्वासाला जोडून ठेवा, हा सल्ला सातव्या शतकात सिनाई डोंगरावरच्या योहान क्लिमाकसने दिलेला आहे. पूर्वेकडच्या मठांत 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर' हा जप पहिला अर्धा श्वास घेताना, दुसरा सोडताना असा रुळला. सोळाव्या शतकात जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसने प्रार्थनेचा एक प्रकार सांगितला, तो मला जास्त सोपा वाटतो: एका श्वासाला एकच शब्द, आणि पुढचा श्वास येईपर्यंत मन त्याच शब्दावर. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो' हे नऊ शब्द झाले. शांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते पंधरा श्वास घेतो, म्हणजे एवढ्या एका ओळीला जवळपास पाऊण मिनिट लागतं. एरवी तेवढ्या वेळात आपण अख्खी प्रार्थना संपवून उठलेलो असतो.

बिघडतं कुठे? लोक मोठेमोठे श्वास घ्यायला लागतात. शरीराला गरज नसताना असं केलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्याहून जास्त बाहेर पडतो. मग डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, आणि कुणीतरी डोळे मिटून सांगतं, "मला स्पर्श झाला." तो स्पर्श नाही. श्वास आहे तसा चालू द्यायचा आणि शब्द त्याच्यावर अलगद ठेवायचा, एवढंच काम आहे.

हे आज इतक्या ठामपणे लिहितोय, पण मी स्वतः बराच काळ उलटं शिकवलं. "श्वास घेताना देव आत घ्या, सोडताना पाप बाहेर सोडा. छाती भरून घ्या, क्षणभर धरा." ऐकायला छान वाटायचं, लोक लिहून घ्यायचे.

नेरूळच्या एका घरगुती प्रार्थनासभेत सत्तरी ओलांडलेले एक काका बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, मिनिटाला दोन लिटर. नळी कानामागे घासते म्हणून सुनेने तिथे कापसाच्या छोट्या घड्या लावलेल्या. कोपऱ्यात यंत्र घरघरत होतं. 'छाती भरून घ्या' म्हटल्यावर काकांनी इमानदारीने भरून घेतली, धरली. तिसऱ्या श्वासाला ते पुढे वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, खांदे कानांपर्यंत चढले, ओठ जांभळट दिसायला लागले. बाकीचे डोळे मिटून होते. सून उठली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, आधी सोडा. चहावर फुंकर मारता ना, तशी." दोन आकड्यांत नाकाने आत, चार आकड्यांत ओठ मुडपून बाहेर. तिने बोटांनी आकडे दाखवले, तोंडाने एकही नाही. चार-पाच मिनिटं गेली. बोलता यायला लागल्यावर काकांनी तुटक तुटक विचारलं, "म्हणजे... माझ्यात आत्मा... कमी जातो का?"

काकांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. अशा फुप्फुसात अडचण असते ती हवा बाहेर टाकण्याची. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात, जुनी हवा आत अडकते, आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. अशा छातीला 'भरून घ्या' म्हणणं म्हणजे काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी ओतणं. ओठ मुडपून फुंकलं की आत थोडा दाब टिकतो, नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. हात गुडघ्यांवर रोवले की खांद्या-छातीचे स्नायू मदतीला येतात. सुनेला हे सगळं ठाऊक होतं. शिकवणाऱ्याला नव्हतं.

त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा "नाही हो काका, असं नसतं" म्हणालो. हे उत्तर नव्हतं. शुभवर्तमान पुन्हा उघडल्यावर जे दिसलं ते आधीच दिसायला हवं होतं. मार्क 15:37 मध्ये 'प्राण सोडला' असं जिथे आपण वाचतो, तिथल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थच श्वास बाहेर सोडणं. योहान 19:30 मध्ये येशू आत्मा सोपवून देतो, पुढच्याच अध्यायात तो शिष्यांवर फुंकतो, आणि फुंकण्याआधी हातांच्या, कुशीच्या जखमा दाखवतो. सोडलेला श्वास म्हणजे पापाचा कचरा, हे माझं शिकवणं इथे उभंच राहत नाही. आता मी सुरुवात सोडण्यापासून करतो, आणि शब्दही सोडतानाच ठेवायला सांगतो.

माझ्यातला जुना शिक्षक मात्र गप्प बसत नाही. तो म्हणतो, ज्याला धाप लागते त्याच्यासमोर श्वासाचं चित्र मांडायचंच कशाला? रोमकरांस पत्रात आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं आहे (8:26), ते वचन मी पुढे करतो. तो म्हणतो, कण्हणाऱ्याला हे सांगणं सोपं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि प्राणायामाचं. 'तिथे श्वासाला आवर घालतात, आम्ही घालत नाही' असं मी पूर्वी सांगायचो. तेही पूर्ण खरं नाही. ग्रीसमधल्या एथोस या मठांच्या डोंगराच्या परंपरेत तेराव्या-चौदाव्या शतकात श्वास आवरायला सांगणारे गुरू होऊन गेले, आणि त्यावरून त्यांची टवाळीही झाली. तिथल्याच ग्रेगरी पालामास या संन्याशाने त्यांची बाजू घेतली: नवशिक्याचं भटकणारं मन थाऱ्यावर यायला याची मदत होते, कृपा यातून तयार होत नाही. 1341 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने त्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हा शेजाऱ्यांना माझं आता एवढंच सांगणं आहे की बसणं, मोजणं यांत साम्य दिसेल, ते मी नाकारत नाही. आम्ही ज्याला हाक मारतो तो मात्र श्वासात नाही, श्वास त्याने दिलेला आहे.

काकांना आता 'दया' एवढा एकच शब्द दिलाय. दोन अक्षरं, मुडपलेल्या ओठांतून निघणाऱ्या श्वासावर बसतात. सून सांगते, रात्री यंत्राच्या घरघरीत तो शब्द ऐकू येतो. वीज गेली की यंत्र बंद पडतं, आणि ती अंधारात सिलिंडरची चावी शोधेपर्यंत मिनिटभर तरी जातं. त्या मिनिटात ते काय म्हणतात, हे आम्ही कुणीच त्यांना विचारलेलं नाही.