हा रिक्वेस्ट आयडी नक्की कुणाचा?

गेल्या महिन्यात एका तक्रारीचा माग काढताना लॉगमध्ये एकाच रिक्वेस्ट आयडीखाली (सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची वेगळी ओळख) दोन वेगवेगळ्या युजरच्या क्वेरी दिसल्या. आधी लॉग गोळा करणाऱ्या टूलच्या नावाने पावती फाडून झाली, मग स्वतःचा कोड उघडला.

दहा-दहा फंक्शनमधून आयडी पास करायचा कंटाळा, म्हणून काही वर्षांपूर्वी मीच तो पायथॉनच्या 'थ्रेडिंग.लोकल'मध्ये, म्हणजे प्रत्येक थ्रेडच्या (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र चालणाऱ्या कामाच्या धाग्याच्या) वेगळ्या कप्प्यात ठेवला होता. तेव्हा एका रिक्वेस्टला एक थ्रेड मिळायचा, त्यामुळे निभावलं. पुढे ॲप असिंक झालं, म्हणजे एक रिक्वेस्ट वाट बघत असताना त्याच थ्रेडवर दुसरी चालू लागली, आणि हा कोपरा तसाच राहिला. आता सगळ्या रिक्वेस्ट इव्हेंट लूपच्या (आळीपाळीने कामं चालवणाऱ्या यंत्रणेच्या) एकाच थ्रेडवर चालतात, म्हणजे कप्पाही सगळ्यांत मिळून एकच.

खात्री करायला हँडलरमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये) 'असिंकआयओ.स्लीप'ने दोन सेकंदांचा थांबा टाकला. 'अ' आयडीची रिक्वेस्ट सोडली, अर्ध्या सेकंदाने 'ब'. 'अ' त्या थांब्याच्या अवेटवर थांबलेली असताना 'ब'ने कप्प्यात स्वतःचा आयडी ठेवला. 'अ' जागी झाली आणि लॉगमध्ये छापलं 'ब'.

यावरचा उपाय पायथॉन ३.७ पासून आहे: कॉन्टेक्स्टव्हार्स. प्रत्येक टास्क (लूपवरचं एक काम) तयार होताना चालू कॉन्टेक्स्टची, म्हणजे अशा किमतींच्या संचाची, स्वतःची कॉपी घेतो, त्यामुळे एकाने बदललेली किंमत शेजाऱ्याला दिसत नाही. प्रत्येक रिक्वेस्ट आधी जिथून जाते त्या मिडलवेअरमध्ये सेट, लॉगच्या फिल्टरमध्ये गेट, काम संपलं.

संपलं कसलं! पीडीएफ बनवणाऱ्या कोडचे लॉग आयडीऐवजी नुसती '-' दाखवू लागले. तो कोड 'रन_इन_एक्झिक्युटर'ने दुसऱ्या थ्रेडवर जातो, आणि ते कॉन्टेक्स्ट सोबत नेत नाही. ३.९ मधलं 'टू_थ्रेड' नेतं, पण ते डीफॉल्ट पूल (तयार थ्रेडचा संच) वापरतं आणि आमचा पूल वेगळा. मग 'कॉपी_कॉन्टेक्स्ट'ने कॉपी काढून तिच्या 'रन'मधून फंक्शन चालवलं.

हात घातलाच होता, तर लॉगिन केलेला युजरही त्या कप्प्यातून बाहेर काढला. रिक्वेस्ट आयडी चुकला तर लॉग बिघडतो. युजर चुकला तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो. त्यामुळे परवानगी तपासणाऱ्या फंक्शनला युजर आता पॅरामीटर म्हणूनच द्यावा लागतो.

"एवढ्या फायली, आणि वाढलाय फक्त एक पॅरामीटर?" रिव्ह्यू करणारा सहकारी वैतागला. पण हे करतानाच रात्रीच्या जॉबमधली एक जागा सापडली. तिथे रिक्वेस्टच नसते, म्हणून युजर 'नन' (म्हणजे कुणीच नाही) यायचा, आणि आमची तपासणी 'नन'ला बिनदिक्कत आत सोडत होती.