नथ आणि आरीकामासाठी भिंगाचा चष्मा: आधी टेप, मग पट

भिंगाचा चष्मा घेताना बहुतेक जण 'किती पट मोठं दिसतं' हेच विचारतात. आधी विचारायचं ते अंतर. नेहमीच्या टेबलाशी नेहमीसारखं बसा, दूरचा नंबर असेल तर तो चष्मा लावा, आणि घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून सुईच्या टोकापर्यंत टेप लावायला सांगा. १०० ला त्या सेंटिमीटरने भागलं की प्लस नंबर मिळतो. ४० सेंमीला +२.५, ३३ ला +३, २५ ला +४. वय वाढेल तसा हा हिशोब जास्त जुळतो. तरुण डोळा थोडंफार स्वतःच सावरून घेतो.

पट वाढली की अंतर घटतं. डोक्याला पट्ट्याने लावायच्या भिंगात २ पटीला साधारण २५ सेंमी मिळतात, २.५ पटीला २०, आणि ३.५ पटीला जेमतेम १०. एवढ्या जवळ दोरा ओढायला जागाच नसते, सुईचं टोक थेट तोंडाकडे येतं. शिवाय मान जरा हलली की मणी धूसर. नथीची २८ गेजची तार आणि दीड-दोन मिलिमीटरचे मणी यांना २ पट पुरते. आरीची, म्हणजे आकड्याच्या सुईने करायच्या भरतकामाची फ्रेम डोळ्यांपासून लांब असते, तिथे त्याहून कमी. सोनाराचं १० पटीचं भिंग अडीच सेंमीवर धरावं लागतं, ते झालेलं काम तपासायला ठीक. '२० पट' लिहिलेलं काही विकत घेऊ नका.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर (एकाच काचेत वर दूरचा, खाली वाचनाचा नंबर) भिंग लावणाऱ्यांची एक हमखास गडबड होते. खाली बघताना चष्म्यातला वाचनाचा नंबर भिंगात मिसळतो. +४ च्या भिंगात +२ मिसळले की +६, म्हणजे २५ ऐवजी १६-१७ सेंमी. मग माणूस वाकतो आणि मान धरते. यावर उपाय म्हणजे फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा आत घालणे.

तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्याच नंबरच्या असतात आणि सिलिंडर नंबर (बुबुळाच्या वाकड्या गोलाईसाठीचा) नसतोच. त्यामुळे दोन डोळ्यांत फरक असेल तर ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडवर कुठल्याही चांगल्या चष्मेवाल्याकडून करून घ्या. बुबुळांमधलं जवळचं अंतर मोजायला सांगा. काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर अर्ध्या तासात कपाळ दुखतं. मुख्य म्हणजे अर्धवट नथ सोबत न्या आणि ट्रायल फ्रेम (नंबर तपासायची, काचा बदलता येणारी फ्रेम) लावून दुकानातच दोन मणी ओवून पाहा.

भिंगावरचा एलईडी पॉलिश केलेल्या मण्यांवर चमकतो, तार दिसेनाशी होते. उजव्या हाताने काम करत असाल तर डावीकडून टेबल लॅम्प लावलेला बरा.

ॲक्रिलिकच्या भिंगाला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लागला की ते कायमचं पांढुरकं पडतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेनेही पांढरा थर बसतो. भिंग पुसताना आधी पाण्याखाली धूळ काढा, मग साबणाचा थेंब, मग मऊ कापड. ठाण्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि बाल्कनीच्या उन्हात भिंग उघडं ठेवू नका. खालचा कपडा जळू शकतो.