जॅक वर गेला, गाडी तिथेच: फियाटच्या सडलेल्या पत्र्याचं वेल्डिंग, माझा अनुभव

गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी विक्रोळीच्या अलीकडे हायवेला पंक्चर झालं. स्टेपनी काढली, जॅक लावला, फिरवायला लागलो आणि कर्र कर्र आवाज. जॅक वर चाललाय पण गाडी काही उठत नाही. वाकून बघितलं तर जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यात चार बोटं आत गेलेलं आणि खाली रस्त्यावर लाल भुगा, चहाची पावडर सांडावी तसा.

गाडी बाबांची. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे कोणी कधी पद्मिनी म्हटलं नाही, फियाटच. कुर्ल्याला बनलेली, आणि आम्ही मुलुंडचे, म्हणजे तिचं माहेर सासर दोन्ही एलबीएस रोडवरच. बाबा गेल्यापासून ती मीच चालवतो, इंजिन अजून एकदम टकाटक, १०८९ सीसीचं, सकाळी चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला उठतं. त्यामुळे आपली गाडी चांगली आहे अशा भ्रमात मी होतो.

आधी रीतसर डेंटरकडेच गेलो. टॅक्सीत पद्मिनी होत्या तोवर मुंबईत दर नाक्यावर हिचं काम येणारा माणूस होता, मग टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली, गाड्या एकेक करून कटल्या आणि ऑक्टोबर २०२३ ला शेवटची टॅक्सी पण गेली, तिच्याबरोबर ते कारागीरही पांगले. तीन जणांना दाखवली. पहिल्याने हातच लावला नाही. दुसरा म्हणाला, "सेठ, दो दिन में उपरसे पत्रा मारके देता हूँ, एकदम मक्खन." तिसऱ्याने आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली त्यात सेकंडहँड अल्टो येईल. खरं होतं ते.

उपरसे पत्रा म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. सडलेलं तसंच ठेवायचं, त्यावर नवा पत्रा गॅसने पितळ ओतून चिकटवायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं, रंग. दिसायला झकास. आत दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि जुना गंज नव्याला खायला सुरुवात करतो. आणि फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, म्हणजे दाराखालची ती पोकळ पेटी नुसती दिसायला नसते, गाडीचं वजन तिच्यावर आहे.

तर मग मीच शिकेन म्हटलं. यूट्यूबवर तर सगळं सोप्पंच असतं.

सोसायटीत वेल्डिंग करायला सेक्रेटरी देणार नाहीतच (त्यांचं बरोबर आहे, पार्किंगमध्ये शेजारी लोकांच्या पेट्रोलच्या गाड्या), पण भांडुपला मित्राचा गाळा आहे, अर्ध्यात त्याचं पॅकिंगचं सामान, अर्धा मोकळा, तो म्हणाला, "आण, फक्त जाळू नकोस." नागदेवी स्ट्रीटला जाऊन इन्व्हर्टरवाली छोटी मिग मशीन (गनमधून वायर आपोआप पुढे येते ती वेल्डिंगची मशीन) घेतली, बावीस हजारांना पडली, वर ग्राइंडर, फ्लॅप डिस्क, वायरचा ब्रश, आपोआप काळी होणाऱ्या काचेचं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे. सीओटूचा सिलेंडर भाड्याने, वितळलेल्या वेल्डला हवा लागू नये म्हणून हा गॅस. पत्रा कार्नाक बंदरवरनं, सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड, वर कसलाही थर नसलेला, २० गेज (गेजचा आकडा जेवढा लहान तेवढा पत्रा जाड), एक ८ बाय ४ ची शीट साधारण २१ किलोची, टेम्पोत घालून आणली. दुकानदार गॅल्व्हनाइज्ड घ्या म्हणत होता, गंजणार नाही साहेब. बरं झालं नाही घेतली, कारण काय ते नंतर काकांनी सांगितलं.

काका म्हणजे गाळ्याच्या मागच्या चाळीत राहणारे, बेस्टच्या वर्कशॉपमध्ये पत्राकाम करून रिटायर झालेले. त्यांच्याशी ओळख अशी झाली की पहिल्या दिवशी मी तुकड्यांवर प्रॅक्टिस करत होतो आणि मशीन नुसती फुटाण्यांसारखी तडतडत होती, सगळीकडे छर्रे, वेल्ड म्हणजे पत्र्यावर चिकटलेली कबुतराची घाण. आवाज ऐकून ते शटरपाशी येऊन उभे राहिले. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्लस मायनस बघितलास का?"

तर मशीन आलेली बिनगॅसच्या वायरसाठी जोडून, त्यात गन मायनसला असते. मी लावली होती साधी वायर आणि गॅस, त्याला गन प्लसला पाहिजे. आत दोन नट काढून अदलाबदल केली आणि आवाजच बदलला, तव्यावर मासा तळताना येतो तसा सलग. दोन दिवस वाया गेले होते माझे. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, अर्थातच.

तिथून पुढे काका रोज चारच्या चहाला यायला लागले. गॅल्व्हनाइज्डचं त्यांना विचारलं तर म्हणाले, "त्याच्यावर जस्त असतं, वेल्ड केलं की पांढरा धूर, रात्री थंडी वाजून ताप. आम्ही भोगलाय तो." उघडा सीआर पत्राच बरा, गंजापासून नंतर प्रायमर वाचवेल.

आता मुख्य काम. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर नेऊन ठेवली, सीटा, कार्पेट सगळं बाहेर. कापायच्या आधी काकांनी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा बसवायला लावला, बिजागरीच्या भोकांपासून मधल्या खांबापर्यंत, आणि गाडी स्टँडवर घेतली ती बॉडीखाली नाही, सस्पेन्शनखाली, म्हणजे वजन चाकांवर असल्यासारखंच राहतं. मी विचारलं एवढं कशाला. ते म्हणाले, "पेटी कापलीस की गाडी मधे बसते, तशीच वेल्ड केलीस तर दार जन्मात लागणार नाही." दार बंद करून वरच्या फटीत ५ एमएमचं ड्रिल बिट घालून बघितलं, जेमतेम जात होतं. ते बिट मी शेवटपर्यंत खिशात ठेवलं आणि रोज एकदा घालून बघायचो.

ग्राइंडर मारला. वरचा रंग गेला, त्याखाली गुलाबी लांबी, ती पण कापली, बोटभर जाड होती ती. तिच्याखाली पत्रा असेल असं कोणालाही वाटेल ना? पत्रा नव्हता. पेपर होता. मराठी पेपर घड्या घालून भोकात ठासलेला, त्याला आधार करून वर लांबी थापलेली. एक तुकडा शाबूत निघाला, पावसाळी चपलांची जाहिरात आणि वर तारीख, जून १९९७. बाबांनी त्या वर्षी गाडीचं पूर्ण काम करून घेतलं होतं, मला आठवतंय, नवीन रंगाची गाडी घेऊन आम्ही टिटवाळ्याला गेलो होतो. म्हणजे २७ वर्षं आमची फियाट एका बाजूने रद्दीवर उभी होती. आईला दाखवला तो तुकडा. ती म्हणाली, "तरी तेव्हा त्याने पैसे जास्त घेतलेन्."

गंज आला कुठून तेही दिसलं. पुढचं चाक जो चिखल उडवतं तो मडगार्डच्या मागे साठतो आणि ओला राहतो, आणि पेटीच्या तळाला पाणी निघून जायला जी भोकं असतात ती कोणीतरी अंडरबॉडी कोटिंग मारताना डांबराने बंद करून टाकलेली. गाडी वाचवायला मारलेलं कोटिंग, त्यानेच पेटीचा हंडा झाला.

सगळ्यात अवघड काय असेल तर कुठे थांबायचं ते. मला वाटायचं झालं, इथपर्यंत चांगला पत्रा आहे. काका हातोडीच्या टोकाने ठोकत जायचे, चांगला पत्रा टण् वाजतो, सडलेला ठप्प. ठप्प वाजलं की अजून काप. सहा इंचाचं भोक बघता बघता तीन फुटाचं झालं. एका संध्याकाळी तर मी सरळ ग्राइंडर ठेवून घरी निघून गेलो. पण त्यांचं खरं होतं, कारण ठप्प वाजणाऱ्या जागी मी एकदा हट्टाने वेल्ड मारून बघितला आणि वायर टेकताच भसकन भोक, ते भरायला गेलो तर अजून मोठं. "पत्रा आहे का जाळीदार डोसा?" काका म्हणाले.

टेम्प्लेट मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं. पुठ्ठा कापून, वाकवून, जागेवर बसेपर्यंत तासायचा, मग पत्र्यावर ठेवून आखायचं. आतला मजबुतीचा पत्रा आणि जॅकची जागा १८ गेजमध्ये केली, बाहेरचा २० मध्ये. कंपनीत जिथे स्पॉट वेल्डिंग होतं तिथे नव्या पत्र्याला ६ एमएमची भोकं पाडून, भोकातनं वेल्ड भरायचा. बाकी सगळीकडे टोकाला टोक, एकावर एक चढवायचं नाही, मध्ये हॅकसॉचं पातं जाईल एवढीच फट.

आणि सलग वेल्ड करायचा नाही, हे मला कळायला एक अख्खा तुकडा फुकट घालवावा लागला. उत्साहात चार इंच ओढला एकदम, दिसत होता छान, आणि थंड होताना पत्रा असा काही फुगला की दाबला की डबाक आत, सोडला की डबाक बाहेर, खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यासारखा. काका म्हणाले गोधडीला आधी लांब लांब कच्चे टाके घालतात ना, आई घालते का नाही तुझी, तसं कर. इंचा-इंचावर एक ठिपका, एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला, हात लावून बघायचा, गरम असेल तर चहा प्यायचा. मग दोन ठिपक्यांच्या मधे एक. असं करत करत ठिपके जोडले जातात. तीन फुटाच्या शिवणीला दोन शनिवार गेले, आणि चहा किती झाला ते विचारू नका.

भोकं पडायची तिथे काकांची एक युक्ती भारी होती. एसीवाल्याकडनं तांब्याच्या पाइपचा तुकडा आणला, ठोकून चपटा केला, आणि भोकाच्या मागे धरला. वेल्ड तांब्याला चिकटत नाही, उष्णता ते ओढून घेतं, भोक भरतं आणि तांबं काढून घ्यायचं.

एप्रिलमध्ये गाळ्यात भट्टी व्हायची. एका शनिवारी मी पेडेस्टल फॅन लावला आणि बघतो तर सगळे वेल्ड अनारशासारखे जाळीदार. मशीन बघितली, वायर बदलली, गॅसचा काटा तर बरोबर दहा लिटरवर. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला की फॅन सीओटू उडवून नेतोय. ते सगळं घासून परत केलं, फॅन बंद करून, घामाने हेल्मेटची काच धुकत होती.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. एक, फक्त एक ठिपका मारायचा म्हणून हेल्मेट न घालता डोळे मिटून मारला, असं दिवसभरात पाच-सहा वेळा केलं असेल. रात्री दोन वाजता डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं, उघडवेनात, बायको रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेली, रस्ताभर जे बोलली ते इथे लिहीत नाही. दोन, फ्लोअरच्या आतल्या बाजूला आवाज कमी यावा म्हणून डांबरी शीट चिकटवलेल्या असतात. मी बाहेरून वेल्ड करतोय आणि आत ती शीट पेटलेली, मला हेल्मेटमधून काही दिसत नाही. मित्राने धूर बघून बादली ओतली. त्या दिवसापासून आत एक माणूस पाण्याची बादली घेऊन बसल्याशिवाय मी गन उचलली नाही आणि वेल्डच्या मागचं डांबर आधी खरवडून काढलं.

मे संपताना एक बाजू झाली, दुसरी अर्धी. तिथे पेपर नव्हता, नुसतीच लांबी होती, तेवढंच समाधान. पण हवा दमट झाली होती आणि शनिवारी चकचकीत घासलेला पत्रा रविवारी सकाळी पिवळट लाल व्हायचा, रात्रीत. मग नियम केला, जेवढं वेल्ड होईल तेवढं घासून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे पण त्यातनं पाणी झिरपतं, ते एकटं उघड्यावर ठेवू नका. सांध्यांना सीलर, पेटीच्या आत लांब नळीने मेण, आणि तळाची भोकं यावेळी मी स्वतः ड्रिलने पाडली आणि त्यात काडी घालून ठेवली की कोटिंग मारताना बुजू नयेत. काड्या नंतर काढायच्या लक्षात ठेवा, मी एक विसरलो होतो.

पाइप कापून काढला त्या दिवशी काका मुद्दाम सकाळी आले. दार लावलं. खिशातलं बिट काढून फटीत घातलं, जेमतेम जात होतं, जानेवारीसारखंच. मग त्यांनी जॅक मागितला, नव्या जागेला लावला आणि स्वतः फिरवला. चाक जमिनीवरनं सुटलं. काका काही बोलले नाहीत, जॅक उतरवला, हात पुसले आणि चहा सांग म्हणाले.

अजून रंग झालेला नाही, दोन्ही बाजूंना राखाडी प्रायमर आणि वरती बाबांचा क्रीम कलर, वॉचमन विचारतो साहेब ॲक्सिडेंट झाला का. पुढच्या वर्षी रजिस्ट्रेशनची पाच वर्षं संपतायत, नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरून परत आरटीओला दाखवायची आहे, त्याच्या आत रंग उरकायचा विचार आहे. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात मुद्दाम ठाण्यापर्यंत नेऊन आणली आणि घरी येऊन कार्पेट उचलून बघितलं. डावीकडे ड्रायव्हरच्या शेजारी ओलं होतं. काळजात धस्स झालं, पण वेल्ड कोरडे होते, पाणी वरनं येत होतं, पुढच्या काचेच्या रबरातनं. रबर पार बिस्किटासारखं झालंय. ऑपेरा हाऊसला एकाकडे आहे म्हणतात, त्याने मंगळवारी बोलावलंय.