चौथीचा वर्ग आणि मुंबईचे भिसे

आज चौथीला शोध आणि संशोधक शिकवत होते. विजेचा दिवा म्हटल्याबरोबर सगळा वर्ग ओरडला, "एडिसन!" १८७९ हे सालही दोघींना पाठ होतं. मग विचारलं, आपल्या मुंबईत जन्मलेला एखादा संशोधक सांगा. वर्ग एकदम चिडीचूप.

फळ्यावर नाव लिहिलं: शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७. त्यांनी वाण्याच्या दुकानातली साखर, पीठ आपोआप मोजून देणारं यंत्र कागदावर रेखाटलं आणि लंडनच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळवलं. पुढे ते विलायतेला गेले, तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिलं. छपाईसाठी शिशाचे खिळे भराभर ओतणारं यंत्रही त्यांचंच. खिळे म्हणजे काय, हे मुलांना कळेना, म्हणून खोडरबरावर उलटा 'क' कोरून शाईत बुडवून वहीवर उठवून दाखवला. मग काय, प्रत्येकाला आपापलं अक्षर हवं! तास तिथेच संपला असता तरी चाललं असतं मला.

शेवटी म्हटलं, घरातली एक अडचण शोधा आणि तिच्यावर यंत्र काढा. मागच्या बाकावरच्या, एरवी गप्प असणाऱ्या मुलीने पिंप काढलं. त्यात थर्माकोलचा तुकडा, त्याला दोरी, दोरीला घंटी.

"बाई, पहाटे पाणी येतं तेव्हा आई पिंपाजवळच बसून राहते. भरलं की घंटी वाजेल, तोवर ती झोपेल."

उद्या थर्माकोल आणि घंटी मीच घेऊन जाणार आहे.